शहर पाठीशी घ्या, मग वर पाहा

अमावास्या जवळ आली की नागपूरच्या पोरांचे फोन सुरू होतात. "भाऊ, तारे पाहायला किती दूर यावं लागंल?" मी उलट विचारतो, पाहायचं काय आहे? कारण अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची, हे मला शेतात राहून पटलेलं आहे.

शहराचा उजेड हवेतल्या धुळीवर पसरतो आणि क्षितिजावर पांढुरका घुमट उभा राहतो. आमचं शेत समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या पुढं. तिथून नागपूर उत्तरेला, साठेक किलोमीटरवर, तरी त्या बाजूचं आभाळ खालून उजळलेलं दिसतं. ईशान्येला उमरेडच्या कोळसा खाणीचा उजेड, नैऋत्येला हिंगणघाट. दक्षिण मात्र काळीभोर. आणि उन्हाळ्यातला सगळा ऐवज दक्षिणेलाच असतो!

मे महिन्याच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास त्रिशंकू हा चार ठळक ताऱ्यांचा क्रूस इथं सर्वांत उंच येतो. सर्वांत उंच म्हणजे किती, तर क्षितिजापासून जेमतेम ६ ते १२ अंश. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, एवढ्यातच त्याचा कारभार. मध्ये एक गाव आलं, एक टॉवर आला, की संपलं. तासाभरानं त्याच बाजूला, थोडं वर, नरतुरंग या तारकासमूहात एक पुसट ठिपका दिसतो. तारा वाटतो, पण तो सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा, जवळपास कोटीभर ताऱ्यांचा गुच्छ आहे. ओमेगा सेंटॉरी. नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि तो दिसल्यावर माणूस बोलायचं थांबतो, हे मी दरवेळी पाहतो. मध्यरात्रीनंतर वृश्चिक-धनूकडची आकाशगंगा वर येते. यासाठी नागपूरच्या दक्षिणेलाच यावं.

हिवाळ्यात उलटं करा. देवयानी, शर्मिष्ठा, ययाती हे उत्तरेकडचे तारकासमूह, त्यांसाठी नागपूरच्या उत्तरेचं पेंच. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे त्यासाठी बदलले. आता ते दिवे खाली तोंड करून जळतात. नागपूर तिथून दक्षिणेकडे पडतं, म्हणजे पाठीशी. देवयानीतली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, तिथं साध्या डोळ्यांना ढगाच्या तुकड्यासारखी दिसते. तिचा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. नोव्हेंबर-डिसेंबरची कोरडी थंडी त्याला उत्तम. पऱ्हाटी (कापसाची वाळली झाडं) आणि धसकटं जाळायचे दिवस टाळा, धुरानं आभाळ दुधाळ होतं. एप्रिल-मेमध्ये अवकाळी पाऊस पडून गेला की धूळ खाली बसते, तसली रात्र सोडू नये.

मी तारे शिकलो ते जागलीला, म्हणजे रात्री शेत राखायला, जाऊन. हरभऱ्यात रानडुकरं, तुरीत रोही (नीलगाय), आणि बाबा मचाणावरून दाखवायचे, "ते बुढीचं खाटलं, अन् ते तीन चोर." सप्तर्षीचे चार तारे खाटलं, शेपटीचे तीन चोर. गोंड लोकांतही ही खाट आणि हे चोर आहेत. आता जागल कमी झाली, तिच्या जागी कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारं झटका मशीन आणि लुकलुकणारे दिवे आले. शेतकऱ्याला दोष नाही, एका रात्रीत वावर साफ होतं. पण गावातल्या रस्त्यावरचे पांढरे एलईडी मला खटकतात. पांढऱ्यातला निळा भाग हवेत जास्त विखुरतो, त्यात दिव्याचं तोंड आडवं असलं तर अर्धा उजेड रस्त्यावर पडतच नाही. पिवळसर दिवा आणि वर झाकण, इतकंच पुरे आहे. ग्रामसभेत मी हे मांडत असतो. लोकांना आभाळाचं नाही पटलं तरी विजेचं पटतं.

डोळ्यांना अंधार सरावायला अर्धा तास द्या. आमच्या विहिरीवर स्टार्टरच्या पेटीवर थ्री फेजचे तीन दिवे आहेत: लाल, पिवळा, निळा. रातची लाईन (पंपाला रात्रीची वीज) असली की मी पेटीवर दुपट्टा टाकतो, कारण त्या निळ्या ठिपक्याकडे एकदा नजर गेली की पुन्हा अर्धा तास मोजावा लागतो. मोबाईलचंही तेच. टॉर्चला लाल कागद लावला तर चालतं. वद्य अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीच्या आसपास किंवा त्याच्याही नंतर उगवतो, म्हणजे अमावास्येलाच यायला हवं असं काही नाही. रात्रीचा पहिला भाग तुमचाच.

आणि एक कळकळीनं सांगतो. अनोळखी वावरात रात्री पाय टाकू नका. डुकरांसाठी काही जण कुंपणात थेट वीज सोडतात, माणसं गेलेली आहेत. ओलीत (पाणी देणं) चालू असलं की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, साप असतात. आधी मालकाला विचारा, दिवसा येऊन जागा पाहून घ्या, बूट घाला, गाडी रस्त्यालगत लावून हेडलाईट बंद करा. आमच्याकडं यायचं तर आदल्या दिवशी फोन करा, खाटा बाहेर काढून ठेवतो.