तुम्ही विचारलंत म्हणून: गरम केल्यावर उडून जाते ना?

डिसेंबरात इथे जर्मनीत, स्टुटगार्टला साडेचारलाच अंधार पडतो. त्या दिवसांतल्या एखाद्या शनिवारी आमच्या घरी पंधरा-वीस मराठी माणसं जमतात. दारातल्या खुंट्या कोटांनी भरून जातात आणि स्वयंपाकघरात ग्लूवाइनचं पातेलं चढतं. ग्लूवाइन म्हणजे मसाले घालून गरम केलेली वाइन. तिलाच इंग्रजीत मल्ड वाइन म्हणतात. मी कप भरत असते तेव्हा कुणीतरी शेजारी येऊन हळू आवाजात विचारतंच, "गरम केल्यावर यातली दारू उडून जाते ना गं?"

विचारणाऱ्यांची कारणं वेगवेगळी असतात. कुणाला गाडी चालवत घरी जायचं असतं. कुणाची औषधं चालू असतात. कुणी आयुष्यात कधी दारूला शिवलेलं नसतं, पण सगळ्यांच्या हातात वाफाळता कप असताना आपलेच हात रिकामे नकोत असं वाटतं. एखाद्या मैत्रिणीने अजून कुणालाच न सांगितलेली बातमी त्या प्रश्नामागे असू शकते. म्हणून उत्तर आधी देते, बाकीचं मागून. नाही, उडून जात नाही. घरी आपण वाइन जेवढी गरम करतो, तेवढ्यात बहुतेक सगळी दारू तिथेच राहते.

इतकं ठासून सांगते, कारण एकदा मी नेमकं उलटं सांगितलं होतं.

2016 च्या डिसेंबरात अण्णा, माझे वडील, पहिल्यांदा इथे आले. अण्णा माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी मोडली नाही, मांसमच्छी नाही, दारूचा तर विषयच नाही. आम्ही त्यांना इथला नाताळचा बाजार दाखवायला नेलं. 1692 पासूनच्या कागदपत्रांत या बाजाराची नोंद सापडते. इथल्या लाकडी दुकानांची छपरं फार हौसेने सजवलेली असतात. अण्णा वस्तू बघायच्या सोडून मान वर करून छपरंच न्याहाळत होते. एका दुकानाशी लवंग-दालचिनीची वाफ अंगावर आली तेव्हा थबकले आणि म्हणाले, "हा तर आपल्या मसाल्याच्या डब्याचा वास."

घरी आलो तोवर थंडीने त्यांची बोटं आखडली होती. मी पातेलं चढवलं, सगळ्यांना कप दिले. अण्णांनी विचारलं, "यात दारू असते ना?" मी म्हटलं, "गरम केली की उडून जाते, अण्णा." मला खरंच तसं वाटत होतं. कुणाकडून तरी ऐकलेलं, ते मनात पक्कं बसलेलं, आणि पडताळून बघावं असं कधी सुचलं नव्हतं. अण्णा अर्धा कप प्यायले. "काढ्यासारखं आहे, पण बरं वाटलं," म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात एका बाटलीवर 10 टक्के लिहिलेलं दिसलं आणि मी चपापले. ती आधीच मसाले घालून तयार केलेली, नुसती गरम करून प्यायची बाटली होती. उडूनच जाणार असेल तर टक्के कशाला लिहितील? मग वाचायला बसले.

शुद्ध अल्कोहोल सुमारे 78 अंशांना उकळतं आणि पाणी 100 अंशांना. त्यामुळे आपल्याला वाटतं की 78 च्या पुढे गेलं की अल्कोहोल निघून जाईल आणि बाकीचं मागे राहील. पण वाइनमध्ये दोन्ही एकजीव असतात. साधारण 12 टक्क्यांची वाइन 90 अंशांच्या थोडं पुढे गेल्यावर उकळते. त्या वाफेत पाणीही असतं आणि अल्कोहोलही, फक्त अल्कोहोलचा वाटा मोठा असतो. म्हणजे ते कमी होत जातं, पण हळूहळू. स्वयंपाकात घातलेल्या दारूतली किती उरते याचा अमेरिकेच्या कृषी खात्याने एक तक्ता केला आहे. पदार्थात मिसळून मंद उकळत ठेवली तर 15 मिनिटांनी 40 टक्के उरते, तासाभराने 25 टक्के आणि अडीच तासांनीही 5 टक्के. उकळत्या पदार्थात घालून लगेच आचेवरून उतरवली तर 85 टक्के उरते. ग्लूवाइन तर आपण उकळूच देत नाही.

युरोपियन युनियनच्या नियमांतही ग्लूवाइनमध्ये दारू गृहीतच धरलेली आहे. ग्लूवाइन या नावाने काही विकायचं तर त्यात किमान 7 टक्के अल्कोहोल असावंच लागतं, आणि वरून पाणी घालायला बंदी आहे. त्या रात्रीच्या माझ्या पातेल्यात दीड लिटर वाइन आणि सुमारे 300 मिलिलिटर संत्र्याचा रस होता, म्हणजे साधारण 10 टक्के. 200 मिलिलिटरच्या कपात 20 मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल. अर्धा लिटर बिअरमध्ये 25 असतं. अण्णांच्या पोटात 10 गेलं होतं.

न सांगता राहता आलं असतं. चार दिवस तसे घालवलेही. मग फोन करून सांगितलं. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं. येती एकादशी निर्जळी करतो." रागाचा एक शब्द नाही. लगेच माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते.

तेव्हापासून आमच्याकडे दोन पातेली चढतात.

पहिलं वाइनचं. त्यात आपली सवय आड येते, कारण आपला हात चहाचा. रंग चढेपर्यंत खळखळ उकळल्याशिवाय आपल्याला काही केल्यासारखं वाटत नाही. पण वाइन उकळली की तिचा फळांचा वास जातो आणि कडसर, शिजल्यासारखी चव मागे राहते. मसाल्याचं बरोबर उलटं, त्याला उकळी लागतेच. म्हणून मी दोन्ही वेगळं करते. आधी दोन-तीन संत्र्यांचा रस, 100 ग्रॅम साखर, दालचिनीच्या दोन कांड्या, आठ लवंगा, दोन चक्रीफुलं आणि संत्र्याच्या सालीच्या चार-पाच पट्ट्या पातेल्यात घालून दहा मिनिटं चांगलं उकळते. मग आच अगदी मंद करून 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या ओतते. कडेने वाफ दिसायला लागली, पृष्ठभाग नुसता थरथरला की पुरे. स्वयंपाकाचं थर्मामीटर असेल तर 70-75 अंश. झाकण ठेवायचं आणि दूध तापवताना असतं तसं लक्ष ठेवायचं. अर्ध्या तासाने मसाला गाळून टाकायचा. लवंग त्यात तशीच राहिली तर दुसऱ्या कपापर्यंत जीभ बधिर होते.

दालचिनी अख्खीच घ्यायची. पूड घातली की रंग गढूळ होतो आणि तळाशी गाळ बसतो. सालीचा फक्त केशरी भाग हवा, आतला पांढरा कडू असतो. इथे संत्री घेताना साल खाण्याजोगी असल्याचं पेटीवर लिहिलेलं बघून घेते, कारण बऱ्याच संत्र्यांवर मेणाचा आणि बुरशीनाशकाचा थर असतो. तुमच्याकडे नागपुरी संत्री असतील तर त्यांची साल सैल असल्याने सोलाण्याने नीट निघत नाही. हाताने सोलून आतला पांढरा भाग सुरीने खरवडून घ्या.

वाइन महागडी नको, पण नुसती प्यायली तर आवडणार नाही अशीही नको. मी ट्रोलिंगर नावाची इथलीच लाल वाइन घेते. हलकी, कमी तुरट असते, आणि तिच्या द्राक्षांचे मळे गावातूनच दिसतात. महाराष्ट्रात करणार असाल तर नाशिकची साधी, लाकडी पिंपात न मुरवलेली लाल वाइन घ्या. पिंपातला तुरटपणा गरम केल्यावर जास्तच टोचतो.

दुसऱ्या पातेल्यावर माझा जास्त जीव आहे. न पिणाऱ्या मोठ्या माणसाला बाजारात लहान मुलांचं गोडमिट्ट पंच, म्हणजे मसाले घातलेला गरम रस, देतात, आणि घरोघरी तर फ्रिजमधला खोक्यातला रस. पाहुणा बिचारा काही बोलत नाही. वाइनमध्ये असतं काय, याचा मी बरेच दिवस विचार केला. आंबटपणा, तुरटपणा आणि घशाला लागणारी ऊब. आंबटपणाला आमसुलं, तुरटपणाला कोरा चहा, उबेला आलं आणि मिरे. एक लिटर लाल द्राक्षांचा रस, अर्धा लिटर सफरचंदाचा गढूळ रस, एक कप कडक कोरा चहा, सहा आमसुलं, बोटभर आलं ठेचून, आठ-दहा मिरे अर्धवट कुटून, आणि वरचाच दालचिनी-लवंगेचा मसाला. साखर अजिबात नको. हे मात्र खुशाल उकळा. आमसुलं शेवटच्या पाच मिनिटांत घाला, नाहीतर आंबट ढाण होतं.

अल्कोहोल काढलेली वाइन का वापरत नाही, हेही विचारलं जातं. इथे अल्कोहोलमुक्त म्हणून विकलेल्या वाइनमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. कुणाला तेवढ्याने फरक पडत नसेल, पण ज्याला थेंबही नको त्याला थेंबही मिळता कामा नये.

दोन पातेल्यांचे डाव वेगळे, गाळण्या वेगळ्या आणि कपही वेगळ्या रंगाचे. निळा कप वाइनचा, पांढरा दुसरा. पातेल्यांवर मराठीत आणि जर्मनमध्ये चिठ्ठ्या लावते. गाडी चालवणाऱ्याला मी सरळ पांढराच कप देते. जर्मनीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा हजारी 0.5 आहे, 21 वर्षांखालच्यांना आणि नव्या परवान्याच्या पहिल्या दोन वर्षांत शून्य. गोड आणि गरम असल्यामुळे किती प्यायलो याचा अंदाज राहत नाही.

2019 ला अण्णा परत आले. बॅगेत आईने दिलेली आमसुलांची पुडी होती, वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. शनिवारी माणसं जमली. अण्णा स्वयंपाकघरात आले, आधी चिठ्ठ्या वाचल्या, मग दुसऱ्या पातेल्यात डोकावले आणि माझ्याकडे बघितलं.

"यात बाटली उघडलेलीच नाही, अण्णा."

त्यांनी पांढरा कप पुढे केला. दुसऱ्यांदा स्वतःच डावाने भरून घेतला, आणि तळातलं एक आमसूल काढून चघळत बाहेर जाऊन बसले.