फर्स्ट शिफ्टचा आठवडा आणि रविवारची शर्यत

आमच्या फौंड्रीत शिफ्टचा कागद शनिवारी संध्याकाळी लागतो. तो बघितल्याशिवाय मी वहीत पुढच्या आठवड्याचं पळणं लिहीत नाही. नाईट असली की वेगाचं काही ठेवायचं नाही, सेकंड असली की सगळं पहाटे उरकायचं आणि फर्स्ट मिळाली की मी राजा. साडेतीनला सुटलो की पाचला विद्यापीठात हजर. या आठवड्यात फर्स्ट होती आणि रविवारी शहरात दहा किलोमीटरची शर्यत. घोडं अडलं ते सुट्टीपाशी. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. शेवटी एकाशी बदली करून रविवारी सेकंड घेतली, त्याबदल्यात त्याची एक नाईट माझ्या डोक्यावर बसली.

सोमवारी पळणं नाही. गिरणी, गॅसची टाकी आणि दुपारची झोप.

मंगळवार हा आठवड्यातला खरा दिवस. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातल्या रस्त्यावर मी एक किलोमीटर मोजून ठेवलाय, एका लाईटच्या खांबापासून वळणावरच्या कडुलिंबापर्यंत. एरवी हजार मीटर सहा वेळा करतो, शर्यतीच्या आठवड्यात पाचच. प्रत्येक 3:40 च्या आसपास, मध्ये दोन मिनिटं रमतगमत जॉग. पहिले दोन सहज जातात. तिसऱ्यात श्वास ऐकू यायला लागतो. चौथ्याचा सहाशे ते आठशे मीटरचा तुकडा मात्र दर वेळी हिशेब मागतो. तिथं खांदे कानाकडे सरकायला लागतात, मुठी आवळतात आणि पाऊल जड पडतं. यावर माझा एक उपाय आहे. भुईमुगाची एक शेंग चिमटीत धरून पळायचं. टरफल फुटलं की समजायचं, जोर पायाऐवजी हातात चाललाय. या मंगळवारी चौथ्यापर्यंत शेंग शाबूत होती, पाचव्यात फुटली. फुटली ती खाल्ली. झुडपातले मोर आपल्याच नादात ओरडत होते.

बुधवारी पहाटे रंकाळा. हा दिवस सावकाश पळायचा, किलोमीटरला पावणेसहा मिनिटं, म्हणजे शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतपत. आणि कोल्हापुरात सावकाश पळणं ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. एक तर भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर असतं, त्यामुळं ही पोरं रोजच्या रोज जीव खाऊन पळतात. त्यातला एक शालिनी पॅलेसच्या बाजूला मागनं आला, ओलांडून गेला आणि वळून म्हणाला, "काय काका, आज गाडी रॉकेलवर हाय व्हय?" मी म्हटलं, "व्हय बाबा, पेट्रोल रविवारसाठी ठेवलंय." पोरगं गुणी आहे. रविवारी त्यानंही नाव घातलं होतं.

दुसरं म्हणजे आपल्या गावाचं तालमीचं वळण. घाम निथळला नाही तर व्यायाम झालाच नाही, असं आपल्याला लहानपणापासून वाटतं. पण दहा किलोमीटरला लागणारी जवळजवळ सगळी ताकद प्राणवायूवर चालते आणि ती वाढते ती अशाच निवांत किलोमीटरांतून. रोज फुफ्फुसं फाटेस्तोवर पळलं की मंगळवारी 3:40 निघतच नाहीत. वर आठ तास फर्नेसच्या आसपास उभं राहायचं असतं, ते पाय कुठल्या वहीत लिहायचे?

भरतीची पोरं यावर मला झाटोपेक, तो जुना चेक धावपटू, ऐकवतात. चारशे मीटरच्या डझनांनी फेऱ्या मारायचा ना तो! मारायचा. 1952 ला हेलसिंकीत आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं, त्याच ऑलिंपिकमध्ये झाटोपेकनं पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं नेली. पण मला त्याची आवडणारी गोष्ट वेगळी आहे. हा गडी पळायला लागला तो झ्लिनच्या बाटा कारखान्यात कामाला असताना. 1941 मध्ये कारखान्याच्या माणसानं त्याला जबरदस्तीनं शर्यतीत उभं केलं, हा नको नको म्हणत होता, आणि दुसरा आला. कारखान्यातला माणूस म्हणून मला तो जवळचा वाटतो. त्याच्या फेऱ्यांची नक्कल मात्र मी करायला जाणार नाही.

गुरुवारी थोडं पळणं आणि शंभर मीटरच्या चार झपाट्याच्या धावा, बास. शुक्रवारी मेव्हण्याच्या पोराचं जावळ. आता जावळाला जाऊन मटण नको म्हणणारा माणूस कोल्हापुरात तरी जन्मायचाय. भात जास्त घेतला, पांढरा रस्सा दोन वाट्या प्यायलो, तांबड्याकडं नुसतं बघितलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पळणाऱ्यानं तर हाणायला पाहिजे!" दहा किलोमीटरसाठी वेगळं काही भरून घ्यायची गरजच नसते, अंगात असलेलं पुरतं. हे मटणाच्या पंगतीत समजावण्यात अर्थ नव्हता.

रविवारी पोलीस मैदानावर साडेसहाला सुरुवात. गारठा होता. गडहिंग्लज, कागल, सांगलीकडची बक्षिसाची पोरं मोटरसायकलवर ट्रिपल सीट येऊन, स्वेटर काढून थेट लाईनीत उभी राहिली. त्यांच्याशी आपलं देणंघेणं नाही, माझा गट पस्तिशीच्या पुढचा. शिट्टी झाली आणि अख्खा जमाव सुसाट सुटला. रॉकेलवालं पोरगंही त्यातच. मी घड्याळात किलोमीटरला 3:42 बघितले आणि तिथंच राहिलो. ताराराणी चौकातून हायवेकडं जाताना उताराचा मोह होतो, तो आवरला. कडेला उसाच्या ट्रॉल्या थांबवलेल्या, ड्रायव्हर कट्ट्यावर बसल्यासारखे आरामात बघत होते. वळसा घालून परतीचा चढ लागला आणि माणसं एकेक करून मागं पडायला लागली. सातव्याच्या आसपास आपलं पोरगं भेटलं, कमरेवर हात. "चल माझ्या मागं," म्हटलं. दोनेकशे मीटर आलं, मग मागं राहिलं.

शेवटच्या वळणावर अजून बराच रस्ता बाकी आहे या हिशेबानं मी दम राखून होतो, तर समोर कमान! घड्याळ 35:50. माझी मोजलेल्या रस्त्यावरची सगळ्यात चांगली वेळ 37:48 आहे. क्षणभर उडालोच. मग अंतर बघितलं, 9.62.

संयोजकांपैकी एकजण म्हणाला, "काका, तुमचं घड्याळ चुकतंय." आता घड्याळ चुकतं हे खरं, पण मोकळ्या रस्त्यावर ते बहुतेक वेळा थोडं जास्त दाखवतं, कारण आपण प्रत्येक वळण आतल्या बाजूनं कापत नाही. प्रमाणित शर्यत सायकलला मोजणी यंत्र लावून सगळ्यात जवळच्या रेषेनं मोजतात आणि कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर वर धरतात, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर जास्त. इथं पावणेचारशे कमी. वळशाच्या खुणेचा प्लास्टिकचा कोन कुणीतरी अलीकडं ठेवला असणार. पैसे दहा किलोमीटरचे घेतले होते.

गटात तिसरा आलो. बक्षीस म्हणून ट्रॅकसूट, तोही डबल एक्सेल. मेव्हण्याला होईल.

साडेतीनला शिफ्टवर. वहीत लिहिलं, "9.62 किमी, 35:50, चढ चांगला गेला." त्या वेगानं पूर्ण दहाला सव्वासदतीस मिनिटं होतात, पण ते लिहिलं नाही. पुढचा आठवडा नाईटचा आहे. दिवसा झोप मिळाली तर गुरुवारी केर्लीपासून जोतिबाचा चढ, नाही मिळाली तर रंकाळा, पावणेसहाच्या चालीनं. पोरगं विचारत होतं, "काका, मीबी येऊ का रॉकेलवर?"