अर्ज पुढच्या वर्षी, पण सरांचं पत्र यंदाच

अमेरिकेत एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, करायचं पक्कं होतं, पण बाबांच्या बायपासमुळे मी अर्ज वर्षभर पुढे ढकलला. सरांचं शिफारसपत्र मात्र लगेच हवं होतं. संविधान शिकवणारे आमचे सर त्याच उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. नंतर कॉलेजचं लेटरहेड कुठून मिळणार?

पत्र आधी घेऊन ठेवता येतं. तिथली बरीच लॉ स्कूल्स एलएसएसी या संस्थेमार्फत कागदपत्रं घेतात. तिथलं खातं पाच वर्षं चालतं, पत्र त्यात जमा राहतं. अर्जाच्या वेळी कुठलं पत्र कुठल्या विद्यापीठाला, ते आपण ठरवायचं.

हे कॉलेजच्या ऑफिसात कोणाला पटेना.

"कोणत्या युनिव्हर्सिटीला? नाव सांगा, मग जावक नंबर देतो."

"भाऊसाहेब, अर्ज पुढच्या वर्षी आहे, नावं अजून ठरली नाहीत."

"मग पुढच्या वर्षी या."

सरांचा मजकूर तयार होता. लेटरहेड कपाटात आणि किल्ली भाऊसाहेबांकडे. जावक रजिस्टरात 'कोणास पाठविले' हा रकाना रिकामा सोडता येत नाही, एवढंच कारण. त्याच खिडकीतून रोज 'टू हूमसोएवर इट मे कन्सर्न' लिहिलेली बोनाफाईड जातात, हेही मी दाखवलं. "ते वेगळं." पुढे जरा नरमले, तर म्हणाले पाकीट सीलबंद करून तुमच्याच हातात देतो. तेही चालत नाही. पत्र देणाऱ्यानेच ते परस्पर पाठवायचं असतं.

शेवटी सर स्वतः लेखी अर्ज घेऊन प्राचार्यांकडे गेले. 'प्रवेश समितीस, या नावे द्यावे' असा शेरा मिळाला आणि चहा संपायच्या आत जावक नंबर पडला. एवढ्याशा शेऱ्यासाठी निवृत्तीला आलेल्या माणसाला जिने चढायला लावले, याचा राग अजून गेलेला नाही. तेव्हा खिडकीशी वाद घालू नका, पहिल्याच दिवशी प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या.

सरांनी सही केलेलं पत्र स्कॅन करून, एलएसएसीकडून त्यांना मेलने आलेल्या लिंकवरून चढवलं. सही हवीच, नुसतं टाइप केलेलं नाव चालत नाही. लिंकचा मेल स्पॅममध्येही जातो, सरांना आधी फोन करून ठेवा. आणि पत्र वाचायचा हक्क सोडता का, असं विचारतात, तिथे मी हो म्हटलं; सरांनी मोकळेपणाने लिहावं असं मला वाटत होतं.

जिल्हा न्यायालयात ज्यांच्याकडे ज्युनियरशिप केली, त्या वकीलसाहेबांचं पत्र मी मुद्दाम वर्ष संपताना घेतलं. मधल्या वर्षातले जामीन अर्ज, उलटतपासाची तयारी, सगळं त्यात आलं. शिक्षकांचं पत्र आठवण ताजी असताना घ्यावं, कामाच्या ठिकाणचं जितकं उशिरा तितकं बरं.

ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे गुणांच्या अधिकृत उताऱ्याचं, राहिलंच. तो पुण्याहून विद्यापीठानेच थेट एलएसएसीला पाठवायचा असतो. त्याचा अर्ज लॉ स्कूल्सची नावं ठरण्याआधीच टाकून द्या.