आमची वाटचाल: चार बाइटची गोष्ट

मोठ्या सी++ प्रोजेक्टमध्ये ज्यांनी ब्रँच (कोडची वेगळी शाखा) बदलून पुन्हा बिल्ड लावलंय, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवायला घेतलाय, त्यांना आमचा धंदा समजावून सांगायला नको. ब्रँच बदलून परत आलात की फायलींतला मजकूर तोच असतो, पण त्यांच्यावरची वेळ नवी असते, आणि बिल्ड चालवणारं मेक हे टूल वेळच बघतं, म्हणून मजकूर न बदललेलंही पुन्हा बनवतं. ते 1976 मध्ये लिहिलं गेलं, तेव्हा त्याचं बरोबरच होतं. आम्ही मजकुराचा एसएचए-256 हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) काढून त्यावर बिल्ड कॅश (एकदा बनलेलं जपून पुन्हा वापरणारा साठा) उभी केली. सीकॅश ही तसलीच कॅश 2002 पासून आहे, ठाऊक आहे. पण ती कंपायलरपुरती, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करण्याच्या कामापुरती. आम्हाला कोड जनरेटर, टेस्ट, पॅकेजिंग सगळंच त्यात हवं होतं. कोड एमआयटी लायसन्सखाली खुला ठेवला. पैसे घ्यायचो ते सपोर्टचे आणि सामायिक कॅश सर्व्हरचे.

मग एका मोठ्या कंपनीने आमचा कोड उचलला, नाव बदललं आणि आपल्या क्लाउड सेवेत फुकट वाटायला सुरुवात केली. एमआयटी हे करू देतं, त्याबद्दल तक्रार नाही. कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत राहू द्या, इतकंच ते मागतं. तेवढंही यांच्याकडून झालं नाही. विचारलं तर म्हणे, आमचं स्वतंत्र काम आहे. आमच्या कॅशच्या प्रत्येक फाइलीचे पहिले चार बाइट म्हणजे आमच्या टूलची आद्याक्षरं. त्यांच्या फाइलीचा हेक्सडम्प (एकेक बाइट दाखवणारी यादी) काढला, तर तिथेही तीच! पुष्कळ पत्रापत्रीनंतर त्यांच्या डॉक्युमेंटेशनच्या तळाशी एक ओळ चढली. तोवर आमचे सपोर्टचे करार एकेक करून गळाले होते आणि पगार लांबत होते.

लायसन्स बदला, असं सांगणारे खूप भेटले. पण एमआयटीखाली निघालेली आवृत्ती परत घेता येत नाही. 2021 मध्ये इलॅस्टिक कंपनीने आपल्या इलॅस्टिकसर्च या शोधाच्या टूलचं लायसन्स बदललं, तर ॲमेझॉनने जुन्या कोडवरून ओपनसर्च हे टूल काढलं. 2023 मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने आपल्या टेराफॉर्म या टूलचं बदललं, तर त्याच्या शेजारी जुन्या कोडवरूनच ओपनटोफू उभं राहिलं. असली भांडणं मोठ्यांना झेपतात.

आम्हाला तगवलं ते फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या टीममधल्या एका बाईंनी. त्यांचा बग रिपोर्ट म्हणजे शिकवणी. कोड तोच, कंपायलर तोच, तरी टीममधल्या दोघांच्या मशीनवर कंपायलरने बनवलेल्या ऑब्जेक्ट फायली जुळत नव्हत्या. बाईंनी कोड छाटत छाटत तीन ओळींवर आणला, दोन्ही फायलींवर सीएमपी हे फायली ताडून बघणारं टूल चालवलं आणि नेमका कुठला बाइट वेगळा ते कळवलं. डीबग माहितीत (चुका शोधायला फाइलीत ठेवलेल्या नोंदींत) प्रत्येकाच्या फोल्डरचा पूर्ण पाथ जात होता. जीसीसी या कंपायलरमध्ये असे पाथ बदलून लिहिण्याचा पर्याय आहे. तो आम्ही आपोआप लावायला लागलो आणि सामायिक कॅश खऱ्या अर्थाने सामायिक झाली. पुढे त्यांनीच साहेबांच्या मागे लागून कराराचे पैसे आगाऊ मिळवून दिले. थकलेले पगार त्यातूनच झाले.

नंतरची वर्षं सुरळीत गेली. त्या मोठ्या कंपनीने ती सेवा गुपचूप बंद केली. त्यांचे ग्राहक आता आमच्याकडे विचारणा करतात.

नव्याने टूल काढणाऱ्यांना, विचारलं नसलं तरी, सांगून ठेवतो. लायसन्स पहिल्या कमिटच्या (कोडच्या पहिल्या नोंदीच्या) आधी ठरवा आणि नावाचा ट्रेडमार्क नोंदवा. एमआयटी कोड देतं, नाव देत नाही. आणि कोडमधले तारीख-वेळ छापणारे मॅक्रो (ज्यांच्या जागी कंपायलर बिल्डची वेळ भरतो असे शब्द) आधी काढून टाका. त्यांच्यामुळे दर बिल्डला वेगळी बायनरी निघते, आणि लोक शिव्या घालतात कॅशला.