हळदीचे पेटंट आणि न छापलेले ज्ञान

हळदीच्या पेटंटची लढाई आपण जिंकलो, हे मराठी माणूस अभिमानाने सांगतो आणि त्यात वावगे काहीच नाही. तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे जे अमेरिकी पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते, ते परिषदेच्या आव्हानानंतर १९९७ साली रद्द झाले. पण ते कशाच्या बळावर रद्द झाले, हे पाहिले की या विजयाची मर्यादाही लक्षात येते. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार परदेशातला नुसता वापर, मग तो कितीही पिढ्यांचा असो, पुरावा म्हणून ग्राह्य नव्हता. त्याचे वर्णन कुठेतरी छापलेले असणे आवश्यक होते. हळदीच्या बाबतीत जुने ग्रंथ होते आणि १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला लेखही होता, म्हणून निभावले. जखमेवर हळद दाबणाऱ्या आजीच्या शब्दाला तिथे काडीची किंमत नव्हती.

२००१ साली सुरू झालेले पारंपरिक ज्ञानाचे सरकारी डिजिटल ग्रंथालयही मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांसारख्या ग्रंथबद्ध परंपरांवर उभे आहे. ते उपयुक्त आहे, यात शंका नाही. तरी ज्यांच्याकडे ग्रंथ नाहीत, त्यांचे ज्ञान अजून त्याच जागी आहे, जिथे वसाहतकाळातील संशोधकांनी ते ठेवले होते: कच्चा माल म्हणून.

केरळातील कानी आदिवासींचे उदाहरण मला म्हणूनच अधिक बोलके वाटते. १९८७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांचा एक गट अगस्त्यमलेच्या डोंगरात फिरत होता. चढणीवर शास्त्रज्ञ थकत होते आणि वाट दाखवणारे कानी तरुण मधूनमधून कसलीशी फळे चघळत ताजेतवाने राहत होते. विचारल्यावर त्यांनी प्रथम टाळाटाळ केली, कारण ही माहिती बाहेरच्यांना सांगण्याची नव्हती. अखेर त्यांनी ती वनस्पती दाखवली. तिचे नाव आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमजवळच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाने तिच्यावर संशोधन करून ‘जीवनी’ हे औषध तयार केले, कोईमतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला दहा लाख रुपये शुल्क आणि दोन टक्के स्वामित्वधन घेऊन उत्पादनाचा परवाना दिला आणि मिळकतीचा निम्मा वाटा कानी समाजाला देण्याचे ठरवले. जैवविविधता कायदा व्हायचा होता २००२ साली. म्हणजे कोणाचीही सक्ती नसताना संस्थेने हे केले, हे मान्य करायलाच हवे.

मात्र घटनांचा क्रम पाहा. परवान्याचा करार आधी झाला आणि पैसे स्वीकारण्यासाठी कानींचा न्यास १९९७ साली, म्हणजे नंतर स्थापन झाला. वाटा मिळाला, पण निर्णयाच्या वेळी समाज खोलीत नव्हता. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या कानींमध्ये यावरून मतभेद झाले, आणि औषधासाठी लागणारी पाने गोळा करण्यावर वनखात्याने हरकत घेतली.

हा क्रम उलटा असू शकतो, हे गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखवून दिले आहे. तिथल्या अभ्यासगटांत प्रश्न गाव ठरवते. बाहेरचा जाणकार येतो तो सोबत बसून अभ्यास करायला. मोहोळाच्या अभ्यासातून तिथे पोळे संपूर्ण न काढता फक्त मधाचा भाग कापून घेण्याची आणि पिलांचा भाग तसाच राखण्याची पद्धत पुढे आली. याच गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, हा मला योगायोग वाटत नाही.

आपल्या विद्यापीठांतले आदिवासी भागांवरचे प्रबंध चाळले, तर ऋणनिर्देशात मार्गदर्शक, ग्रंथपाल आणि टंकलेखक यांची नावे सापडतात आणि शेवटी ‘स्थानिक आदिवासी बांधवांचे आभार’ अशी एक ओळ असते. वनस्पतींची माहिती ज्यांनी दिली, ते सारे त्या एका ओळीत मावतात. संमतीपत्र असलेच तर एकेका व्यक्तीच्या सहीचे असते, ज्ञान मात्र साऱ्या पाड्याचे असते. दक्षिण आफ्रिकेतील ‘सान’ या आदिवासी समाजाने नेमका हाच आक्षेप घेतला होता. काही सान व्यक्तींच्या जनुकीय माहितीवरील संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा समाजाच्या प्रतिनिधींना विचारलेच नाही, अशी त्यांची तक्रार होती. पुढे २०१७ साली त्यांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली.

आपल्याकडे साऱ्या समाजाची अशी संमती घेण्यासाठी नवा कायदाही नको. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(१)(ट) जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मान्य करते. विद्यापीठांनी एवढेच करावे: अशा विषयाचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी संबंधित ग्रामसभेचा ठराव मागावा आणि प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याचा सारांश तिथल्या बोलीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवण्याची अट घालावी. ग्रामसभेने नकार दिला, तर विषय बदलावा.