मुंग्यांनी वर आणलेला मुरूम

आमच्या घरामागे कंपाउंडला लागून काळी माती आहे, नागपुरातली टिपिकल, पावसाळ्यात चपलेला किलोभर चिकटणारी अन् मे महिन्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी. त्या काळ्या मातीवर एक दिवस पिवळसर रव्याचा ढीग दिसला. मला वाटलं आईनं मुंग्यांना पीठ टाकलं असेल, ती टाकत असते, पण बोटात घेऊन पाहिलं तर मुरूम! गेटचा खांब रोवताना हाच मुरूम दीड-दोन फुटांखाली लागला होता, म्हणजे या बायांनी तो तिथून एक एक कण तोंडात धरून वर आणला होता. बाया म्हणतोय कारण कामकरी मुंग्या सगळ्या माद्याच असतात.

मग नादच लागला. जुलैत, भेगा बुजल्यावर, पत्र्याचे दोन डबे तळ कापून मातीत ठोकले, एक बिळाजवळ अन् एक पाच-सहा फुटांवर, दोन्हींत तांब्याभर पाणी ओतलं. बिळाजवळचं बघता बघता गायब, दुसरं मी चहा पिऊन आलो तरी तसंच उभं. कारण साधं आहे, बोगद्यांमुळे माती भुसभुशीत होते, हवा-पाणी आत जातं, शिवाय बिळात दाणे, मेलेले किडे, घाण सगळं साचतं म्हणून तिथं नत्र-स्फुरदही आजूबाजूपेक्षा जास्त सापडतं. अन् मुंग्या बीळ सोडून गेल्या की खोल्या ढासळतात, वरची माती आत पडते. खालचं वर, वरचं खाली, वर्षानुवर्षं. आता काळी माती फुगून-आकसून स्वतःच स्वतःला ढवळत असते, त्यामुळे सगळं श्रेय मुंग्यांना देऊन नाही राहिलो मी.

पण एक गोष्ट वाचून डोकं चक्रावलं. अमेरिकेतल्या रोनाल्ड डॉर्न नावाच्या भूगोलाच्या प्राध्यापकानं ॲरिझोना अन् टेक्सासमध्ये बेसाल्ट या काळ्या खडकाचा चुरा मुंग्यांच्या बिळांत टाकून ठेवला अन् जवळपास २५ वर्षं तपासत राहिला, तर त्यातली काही खनिजं उघड्या जमिनीपेक्षा ५० ते ३०० पट वेगानं विरघळलेली. २०१४ मध्ये छापून आलं ते. आपली काळी माती बेसाल्ट झिजूनच तर झाली आहे!

हे काटोलच्या मामाला सांगितलं. त्याची संत्र्याची बाग. तो म्हणे, "तुह्या मुंग्या माह्या झाडावर माव्याची राखण करतात, त्याचं काय?" खरंच आहे, मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारकी कीड, तिचा गोड चिकटा खायला मिळतो म्हणून मुंग्या तिच्या शत्रूंना हाकलतात. मी २०११ चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग सांगितला, कोरडवाहू गव्हात मुंग्या अन् वाळवी राहू दिली तर उत्पादन ३६ टक्क्यांनी वाढलं, जमिनीत पाणी जास्त मुरलं अन् नत्र वाढलं म्हणून. मामा म्हणे गहू अन् संत्रा एक आहे का बे. बरोबरच आहे त्याचं, पण धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची बिळं तरी औषध टाकून मारू नको एवढं मी मान्य करून घेतलं.

आता मला ते बीळ उभं कापून आतल्या खोल्या पाहायच्या आहेत. फावडं काढलं तर आई मागून ओरडली, "नागपंचमी होऊ दे आधी, तोवर मातीले हात नको लावू." फावडं परत पोर्चमध्ये ठेवलंय.