हळदा घाटाचा पहारेकरी
आजचा दिवस वेताळवाडीच्या किल्ल्यावर. खानदेशातून मराठवाड्याच्या पठारावर चढणारी एक वाट याच हळदा घाटातून येते, म्हणून इथे पहारा. उत्तर टोकाच्या बारादरीत, म्हणजे कमानींच्या खुल्या दालनात उभं राहिलं की कमानीतून खाली धरण, पलीकडे सोयगावचा सपाट मुलूख. धूळ उडवत येणारी फौज घाटाला भिडायच्या आत वर दिसलीच पाहिजे. जागा हेरणाऱ्याला मानलं! आणि जरंडी दरवाजा तर बुरुजांच्या आडोशाला. त्यावरची शरभशिल्पं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची शिल्पं, नक्की बघा.

जाणाऱ्यांनी माणशी तीन लिटर पाणी घ्या, टाक्यांच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यानंतर कमरेएवढ्या गवतात तटाचे सुटे दगड दिसत नाहीत, पाय तिथेच मुरगळतो. काठी आपटत चला. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत उतरा.